पाठ मैदानाकडे, हात ढोलावर

११ ऑक्टोबर १९४२ रोजी रिओ दि जानेरोतल्या लारांजेरास मैदानावर फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से या एकाच शहरातल्या दोन फुटबॉल संघांची गाठ पडली. दोघांमधली चुरस तेव्हाही जुनीच होती. त्या दिवशी फ्लामेंगोच्या बाजूला मात्र एक नवी गोष्ट घडली. बाहियातून रिओत येऊन स्थायिक झालेला जाइमे दि कार्वाल्यो नावाचा एक गृहस्थ आपल्या मित्रमंडळींना घेऊन आला होता. त्यांच्याजवळ कर्णे होते, ढोल होते. सामना सुरू झाला तशी ही मंडळी वाजवू लागली आणि चेंडू कुठल्याही टोकाला असला तरी थांबेचनात. आरी बारोसो हा ब्राझीलचा नामवंत संगीतकार त्या काळी रेडिओवर सामन्यांचे वर्णन करी आणि तो स्वतः फ्लामेंगोचा कट्टर चाहता होता. त्याच्या तयार कानाला ही बेसूर वाजंत्री सोसवेना. याला बँड कसले म्हणायचे, ही तर ‘शारांगा’, असा शेरा त्याने मारला. जाइमेने तो शेरा शिरोधार्य मानला आणि आपल्या पथकाचे नावच ‘शारांगा’ ठेवले. सामना १–१ असा सुटला, शहराचे अजिंक्यपद फ्लामेंगोने पटकावले, आणि पुढची दोन वर्षेही ते त्यांच्याकडेच राहिले.

फुटबॉलच्या इतिहासात गोलांच्या तारखा लक्षात ठेवल्या जातात. मला ही तारीख त्यांच्याच रांगेत हवी आहे. प्रेक्षक ओरडत तर आधीही होतेच. पण संपूर्ण नव्वद मिनिटांच्या आवाजाची जबाबदारी कोणीतरी स्वतःच्या अंगावर घेतली, ती इथे. स्टेडियममधला जोश आपण टीव्हीवर पाहतो तेव्हा तो आपोआप उसळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो कोणीतरी उभा करतो. त्यासाठी कोणाच्या तरी तळहाताला फोड येतात, कोणाचा तरी घसा तीन दिवस बसतो आणि बहुतेक वेळा त्या माणसाला सामना धडपणे पाहायलाही मिळत नाही. या लेखात मला बोलायचे आहे ते त्या माणसाविषयी.

रिओच्या त्या ढोलांच्या मागे आणखी एक गोष्ट आहे. सांबाच्या मिरवणुकीतला सगळ्यांत मोठा, खर्जातला ढोल म्हणजे ‘सुर्दो’. १९२८ साली स्थापन झालेल्या ‘देइशा फालार’ या पथकातल्या आल्सेबियादेस बार्सेलोस ऊर्फ बिदे याने लोण्याच्या मोठ्या डब्यावर चामडे ताणून तो प्रथम बनवला, असे सांगितले जाते. गरज काय होती? जुना सांबा घराच्या अंगणात, गोल करून नाचण्याचा होता. शेकडो माणसांनी रस्त्यावरून चालत तो गायचा म्हटले की पुढची आणि मागची रांग एकमेकांना सोडून जाऊ लागे. सगळ्यांचे पाय एका वेळी पडावेत म्हणून जमिनीतून आल्यासारखा एक ठोका हवा होता. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या मागून चाललेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. ताशा कितीही तडतडला तरी आपले पाऊल पडते ते ढोलाच्या टिपरूवर.

चालत्या गर्दीसाठी घडलेला हा ढोल मग उभ्या गर्दीत आला. पुढच्या काही दशकांत ब्राझीलच्या चाहत्यांची पथके आणि सांबाची पथके यांच्यात फारसे अंतर उरले नाही. साओ पावलोतल्या कोरिंथियन्स संघाच्या चाहत्यांनी १९६९ साली स्थापन केलेली ‘गाविओएस दा फिएल’ ही संघटना आज कार्निव्हलमध्ये सांबा स्कूल म्हणूनही उतरते. वाजवणारे हात तेच, वाद्ये तीच.

जाइमे दि कार्वाल्योची एक धारणा होती: आपल्या संघाची हुर्यो आपण करायची नाही. संघ हरत असला तरी वाजवत राहायचे, उलट तेव्हा अधिक जोरात वाजवायचे. १९६०च्या दशकातल्या तरुणांना हे पटेना. १९६७मध्ये त्यांच्यातले काही बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचे वेगळे पथक काढले. व्यवस्थापन चुकत असेल, खेळाडू अंग चोरत असतील, तर ढोल त्यांच्याविरुद्धही वाजला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. या वादात मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि तो आजही प्रत्येक क्लबच्या चाहत्यांत चालू आहे. त्याच शहरात वास्को द गामा संघाच्या चाहत्यांचे नेतृत्व १९५०च्या दशकात दुल्से रोझालिना या बाईंनी केले. स्टेडियम ही पुरुषांची जागा मानली जाण्याच्या काळात हजारो पुरुषांनी कधी ओरडायचे आणि कधी थांबायचे, हे एक बाई ठरवत होत्या.

रिओचा आवाज समुद्रापलीकडे पोचायला फार वेळ लागला नाही. १९५०चा विश्वचषक ब्राझीलमध्ये झाला. रिओच्या माराकान्या स्टेडियममधल्या जल्लोषाच्या बातम्या युगोस्लाव्हियात पोचल्या आणि झाग्रेबमध्ये शिकणाऱ्या दाल्मेशियन विद्यार्थ्यांनी त्या ऐकून त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला ‘तोर्सिदा’ नावाची संघटना स्थापन केली. नाव थेट ब्राझीलच्या चाहत्यांचे. दुसऱ्याच दिवशी स्प्लिट शहरात तिथला हायदुक संघ विरुद्ध रेड स्टार बेलग्रेड असा अजिंक्यपद ठरवणारा सामना होता. घंटा, खुळखुळे, कर्णे यांनी मैदान दुमदुमले, आणि हायदुकने शेवटच्या काही मिनिटांत गोल करून २–१ असा विजय मिळवला. त्यानंतर जे घडले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. सत्ताधारी पक्षाला या उत्साहात काहीतरी धोकादायक दिसले. संघटनेवर बंदी आली, विद्यार्थ्यांच्या एका नेत्याला तुरुंगात जावे लागले आणि हायदुकचा कर्णधार फ्राने मातोशिच याला पक्षातून काढण्यात आले. हजारो माणसे पक्षाच्या हुकमाशिवाय एका तालात येऊ शकतात, ही गोष्ट राज्यकर्त्यांना झोंबली होती.

एका तालात येणे हे वाटते तेवढे सोपे नाही. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या स्टेडियमची दक्षिण बाजू ‘पिवळी भिंत’ म्हणून ओळखली जाते. तिथे २४,४५४ माणसे उभी राहून सामना पाहतात. उभ्याने पाहण्याची एवढी मोठी जागा युरोपात दुसरी नाही. रुंदी सुमारे १०० मीटर, उंची सुमारे ४० मीटर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एका कोपऱ्यातली आरोळी दुसऱ्या कोपऱ्यात पोचायला पाव सेकंदाहून अधिक वेळ घेते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दोन ठोक्यांमध्ये अंतर असते अर्ध्या सेकंदाचे. दोन टोकांची माणसे नुसती एकमेकांना ऐकून गाऊ लागली तर ती अर्ध्या ठोक्याहून जास्त मागेपुढे होणार. एक जण शब्द संपवतो तेव्हा दुसरा अजून तो उच्चारत असतो, आणि पंचवीस हजार गळ्यांचा नुसता गलका होतो.

यावर उपाय दोन. पहिला उपाय ढोल. तो मध्यभागी, खाली, जाळीजवळ ठेवतात, म्हणजे दोन्ही टोकांना सारखेच अंतर पडते. त्याचा खर्ज माणसांच्या शरीरांतून वाट काढत वरपर्यंत जातो, शब्द विरले तरी ठोका विरत नाही. दुसरा उपाय डोळ्यांसाठी. लोखंडी कठड्यावर किंवा छोट्या मचाणावर एक माणूस चढतो, हातात ध्वनिक्षेपक घेतो आणि लोकांकडे तोंड करून हात वर-खाली करतो. आवाजाला उशीर होतो, डोळ्याला होत नाही. जर्मन आणि इटालियन चाहते त्याला ‘कापो’ म्हणतात. लोकांकडे तोंड म्हणजे मैदानाकडे पाठ. मागे गोल झाला तर त्याला तो समोरच्या चेहऱ्यांवरून कळतो. ढोलवाल्याचेही तेच. त्याची नजर कापोच्या हातांवर असते, चेंडूवर नसते. महिनोन्महिने, देशभर रेल्वेने हिंडून, पदरचे पैसे खर्च करून ही माणसे सामन्याला जातात आणि सामना सोडून बाकी सगळे पाहतात. त्याला मी त्याग म्हणतो, आणि हा शब्द मी तोलून वापरला आहे.

जर्मनीत परगावच्या सामन्याला ढोल नेण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. किती ढोल, किती झेंडे, काठ्यांची लांबी किती, ध्वनिक्षेपक किती, सगळे यजमान क्लब कळवतो. त्यात हटकून एक अट असते: ढोल एका बाजूने उघडा हवा, आत पाहता आले पाहिजे. आत फटाके किंवा धुराच्या नळकांड्या लपवून नेऊ नयेत म्हणून हा नियम. गैरवर्तन झाले की शिक्षा म्हणून पहिली बंदी बहुधा याच सामानावर येते. ढोल काढून घेतला की पथक पथक राहत नाही, ती सुटी सुटी माणसे होतात, हे शिक्षा करणाऱ्यांनाही नीट ठाऊक असते.

या माणसांच्या हातात किती ताकद आहे हे २०१२च्या हिवाळ्यात दिसले. जर्मन लीगने स्टेडियममधल्या सुरक्षेसाठी एक आराखडा तयार केला होता. अंगझडती, तिकिटांवर निर्बंध असे बरेच काही त्यात येऊ घातले होते. १२ डिसेंबरला क्लब त्यावर मतदान करणार होते. चाहत्यांच्या संघटनांनी ठरवले की त्याआधीच्या सामन्यांत पहिली १२ मिनिटे आणि १२ सेकंद कोणीही आवाज करायचा नाही. आमचा आवाज नसेल तर वातावरणही नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. भरलेल्या स्टेडियममध्ये खेळाडूंच्या हाका, चेंडूला बसलेली लाथ, प्रशिक्षकाचा खाकरा असे सगळे ऐकू येऊ लागले. एकमेकांचे कट्टर वैरी असलेल्या चाहत्यांनी, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकच शांतता पाळली. तेरावे मिनिट लागता लागता ढोल कोसळले तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्यांनाही कळले की आपण पैसे भरून जे विकत घेतो त्यातला मोठा हिस्सा हे लोक फुकट देतात. आराखडा पुढे मंजूर झाला. पण शांततेचे हत्यार त्यांना गवसले ते गवसलेच. २०२३च्या डिसेंबरमध्ये लीगने प्रक्षेपणाच्या हक्कांतला ८ टक्के हिस्सा सुमारे १ अब्ज युरोंना बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचे ठरवले, तेव्हा पुन्हा पहिली बारा मिनिटे स्टेडियमे मुकी झाली, मग मैदानांवर टेनिसच्या चेंडूंचा पाऊस पडू लागला, आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लीगने तो व्यवहार सोडून दिला.

या आवाजाचा खेळावर खरोखर परिणाम होतो का? इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सिटी या सामन्यातले ४७ धक्काबुक्कीचे प्रसंग त्यांनी ४० पात्र पंचांना पडद्यावर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, उरलेल्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. म्हणजे आवाज खेळाडूंच्या पायांत बळ भरतो की नाही यावर वाद घालता येईल. पंचाच्या शिट्टीपर्यंत तो नक्की पोचतो. २०२०मध्ये करोनामुळे स्टेडियमे रिकामी झाली तेव्हा हे मोठ्या प्रमाणावर तपासायची संधी मिळाली, आणि अनेक अभ्यासांत दिसले की प्रेक्षक नसताना घरच्या मैदानाचा फायदा घटला आणि पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डे कमी झाली. त्याच काळात इंग्लंडमधल्या वाहिन्यांनी प्रक्षेपणावर व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज चढवला. तो ऐकताना मला अस्वस्थ व्हायचे. आवाज होता, ठोकाही होता, पण कोणी दमत नव्हते.

ढोलाच्या मागे आयुष्य वाहून टाकणारी माणसेही झाली. स्पेनचा मानुएल कासेरेस ऊर्फ ‘मानोलो एल देल बोम्बो’, म्हणजे ढोलवाला मानोलो. १९८२चा विश्वचषक स्पेनमध्ये झाला तेव्हा आपल्या देशाच्या संघामागे तो गाड्यांना हात दाखवत सुमारे १५,८०० किलोमीटर फिरला. १९८२ ते २०१८ या काळातले दहाही विश्वचषक त्याने केले. डोक्यावर मोठी टोपी, अंगात १२ क्रमांकाचा लाल शर्ट आणि पोटावर बांधलेला ढोल ही त्याची ओळख. १९८७मध्ये एकदा तो दौऱ्यावरून घरी परतला तर बायको मुलांना घेऊन निघून गेली होती, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले. व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया स्टेडियमजवळ त्याचे छोटेसे पेयगृह होते, भिंतींवर सगळ्या प्रवासाच्या खुणा लावलेल्या. १ मे २०२५ रोजी, ७६व्या वर्षी तो गेला.

अर्जेंटिनाचा कार्लोस पास्क्वाल, सगळ्यांचा ‘तूला’, त्याच्याच जातकुळीतला. रोसारियो सेंट्रलचा चाहता आणि पेरोनवादी कार्यकर्ता. अर्जेंटिनात हा ढोल ब्यूनोस आयर्सच्या कार्निव्हलमधल्या ‘मुर्गा’ पथकांतून आला, वर एक झांज बसवलेला; मोर्च्यात तोच, मैदानात तोच. १९७४पासूनच्या विश्वचषकांना तूला ढोल घेऊन जात राहिला. २०२३च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये फिफाने अर्जेंटिनाच्या चाहत्यांना सर्वोत्तम चाहत्यांचा पुरस्कार दिला, तेव्हा तो स्वीकारायला मंचावर ढोलासकट तूलाच चढला. मेस्सी समोर बसलेला होता. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२४मध्ये, तूला वारला.

हे सगळे लिहिताना ढोलाच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करणे मला जमणार नाही. अर्जेंटिनात ‘बार्रा ब्रावा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांच्या हातीही हेच ढोल आहेत. ज्याच्याकडे ढोल त्याच्याकडे स्टँड, आणि ज्याच्याकडे स्टँड त्याच्याकडे तिकिटांचा, पार्किंगचा, खंडणीचा धंदा. विरोधी टोळीचा ढोल किंवा झेंडा पळवणे ही तिथे युद्धातली लूट समजतात. हिंसाचार इतका वाढला की २०१३ साली तिथे पाहुण्या संघाच्या चाहत्यांना मैदानात यायलाच बंदी घालावी लागली, आणि ती वर्षानुवर्षे टिकली. ज्या मेस्तायाजवळ मानोलोने आपले पेयगृह चालवले, त्याच मेस्तायात २१ मे २०२३ रोजी व्हिनिसियस जुनियर या रेआल माद्रिदच्या कृष्णवर्णीय खेळाडूला प्रेक्षकांनी माकड म्हणून हिणवले. गर्दी एका तालात आली की ती काय म्हणेल याची हमी ढोल देत नाही. म्हणूनच तो कोणाच्या हातात आहे याला महत्त्व आहे. चांगला कापो घाणेरडी घोषणा सुरू झाली की लगेच दुसरे गाणे उचलतो आणि ढोलवाल्याला खूण करतो. गर्दीला थांबवता येत नाही, वळवता येते. ज्यांनी हे केले आहे त्यांची नावे कुठेही छापून येत नाहीत.

२०१०च्या विश्वचषकातला वुवुझेला आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या लांब प्लॅस्टिकच्या पिपाणीवर जगभरातून टीका झाली, फिफाने बंदी घालायला नकार दिला, आणि स्पर्धा संपल्यावर युरोपच्या महासंघाने आपल्या स्पर्धांतून ती हद्दपार केली. ती बंदी मला घाईची वाटते. जोहान्सबर्गच्या सामन्यांत पिढीभर वाजलेली वस्तू टीव्हीच्या सोयीसाठी गोंगाट ठरवली गेली. मात्र पिपाणी एकच सूर सतत लावून धरते, त्यात ठोका नाही, थांबा नाही, म्हणून कोणी कोणाला उत्तर देऊ शकत नाही, हेही खरे. याच्या उलट टोक आइसलँडचे. २०१६च्या युरो स्पर्धेत जेमतेम सव्वातीन लाखांच्या त्या देशाचे चाहते हात वर करून उभे राहत, ढोलाचे दोन ठोके पडत, एक टाळी, मग दीर्घ शांतता. पुन्हा दोन ठोके. मधली शांतता हळूहळू आक्रसत जाई. सगळी जादू त्या शांततेत होती.

आता आपल्याकडे येऊ. केरळात फुटबॉलच्या मैदानावर जा. मलप्पुरमच्या सात-सात खेळाडूंच्या ‘सेव्हन्स’ स्पर्धांत, कोचीत केरळ ब्लास्टर्स संघाच्या चाहत्यांच्या पिवळ्या समुद्रात, जो ढोल कडाडतो त्याचे नाव तिथे ‘नाशिक ढोल’ आहे. चेंडा वाद्याच्या त्या देशात, जिथे तालाचे शास्त्र देवळाच्या अंगणात शतकानुशतके घडले, तिथल्या पोरांनी जल्लोषासाठी गोदाकाठचा ढोल उचलला. कारण उघड आहे. चेंडा शिकायला वर्षे लागतात. हा ढोल गळ्यात अडकवून चार दिवसांत गर्दीत उतरता येते, आणि तो उघड्या मैदानावर घुमतो. मराठी माणसाला याचा अभिमान वाटावा, आणि सोबत एक प्रश्नही पडावा: ज्या मातीतून हा ढोल गेला, तिथली फुटबॉलची मैदाने इतकी गप्प का?

२०१८च्या जून महिन्यात अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर भारत आणि चायनीज तैपेई यांचा सामना झाला. भारताने ५–० असा विजय मिळवला, सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि मैदानात प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एका चित्रफितीतून हात जोडून लोकांना बोलावले: टीका करायला या, शिव्या द्यायला या, पण या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्यात, भर पावसात तेच मैदान खचाखच भरले. चांगली गोष्ट घडली यात शंका नाही. पण भरलेले मैदान आणि एका तालात आलेले मैदान यांत फरक असतो, आणि तो फरक तिथल्या एका कोपऱ्यात स्पष्ट ऐकू आला. देशाच्या संघामागे फिरणाऱ्या ‘ब्लू पिलग्रिम्स’ या चाहत्यांचे ढोल जिथे होते तिथून लाट उठायची, उरलेले मैदान तिला येऊन मिळायचे. आपल्या व्यावसायिक सामन्यांत पुष्कळदा याच लाटेवर ध्वनिवर्धक आडवा येतो. खेळ थांबला की निवेदक ओरडतो, गाणी लागतात, लोकांनी काय म्हणायचे ते पडद्यावर झळकते. खेळ थांबतो तो क्षणच खरे तर ढोलवाल्याचा. तो त्याच्याकडून काढून घेऊ नये.

महाराष्ट्रात याला एक सणसणीत अपवाद आहे आणि तो म्हणजे कोल्हापूर. राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगामात कुठलाही मोठा सामना लागला की शिवाजी पेठ, मंगळवार पेठ दुपारपासून रिकाम्या व्हायला लागतात. संघांची नावे ऐकली तरी कळते की हा फुटबॉल वेगळ्या मुशीतला आहे: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. इथे क्लब म्हणजे तालीम. लाल मातीत कुस्ती खेळणाऱ्या पोरांच्याच तालमींनी फुटबॉलला आपलेसे केले आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने त्याला चौकट दिली. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. इथला प्रेक्षक विकत आणलेला नाही. खेळाडू त्याच्या गल्लीतला असतो, कधी भाऊ असतो, कधी दुकानातला उधारीवाला. म्हणून पाससुद्धा चुकला तर त्याला नावानिशी ऐकावे लागते.

आणि तालमीबरोबर तालमीचे वाद्य आले. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या खासबागेच्या मैदानात कुस्ती जुंपते तेव्हा हलगी, घुमके आणि कैताळ हे त्रिकूट वाजत असते. हलगी छातीशी धरायची, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. चामडे सैल पडले की कागदाचा जाळ करून ते शेकायचे, म्हणजे आवाज पुन्हा टणत्कारून निघतो. घुमक्यावर काठी घासून खर्जाचा घुमारा काढतात. कुस्तीतल्या हलगीवाल्याची नजर पैलवानांच्या हातापायांवर असते. खडाखडी चालू असताना तो लय सावकाश ठेवतो, पकड झाली की चढवतो, आणि डाव पडायच्या आत, क्षणभर आधी, त्याला तो कळलेला असतो. जुना फड पाहिलेली माणसे सांगतात की हलगी बंद ठेवली तर कुस्ती अर्धी होते. हेच वादन फुटबॉलच्या मैदानावर पेठांच्या जल्लोषात येते तेव्हा त्याला वेगळी कसोटी लागते. कुस्तीत दोन माणसे समोर असतात. इथे बावीस आहेत, खेळ कुठूनही उसळतो. चांगला हलगीवाला कॉर्नर मिळाला की ठोके पातळ करतो, चेंडू हवेत गेला की थांबतो, आणि गोल झाला की पेठेच्या हजार माणसांच्या आधी त्याचा हात पडतो.

इथेही ईर्षा मर्यादा सोडते. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे सामने थांबवावे लागले आहेत, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आहेत, दोन पेठांच्या पोरांना वेगवेगळ्या बाजूंना बसवावे लागते. अशा वेळी सगळे बंद करा, वाद्ये बंद करा, अशी मागणी होते. ती मला चुकीची वाटते. वाद्य नसलेली चिडलेली गर्दी वाद्य असलेल्या गर्दीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिला वळवणारे कोणी नसते. जाणत्या हलगीवाल्यांना मैदानाच्या दोन्ही बाजूंना मानाची, ठरलेली जागा द्यावी. पोलिसांनी आणि संयोजकांनी त्यांच्याशी सामन्याआधी बोलावे. जर्मन क्लब चाहत्यांशी बोलण्यासाठी पगारी माणूस नेमतात. कोल्हापुरात तर सगळे एकमेकांना नावाने ओळखतात.

मानाचा मुद्दा मी मुद्दाम काढतो. हलगी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात राहिली ती माणसे गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या जातींतली होती. लग्न, जत्रा, कुस्ती, मिरवणूक, सगळीकडे त्यांच्याशिवाय पान हलत नसे, आणि पंगत बसली की त्यांना बाजूला बसवले जाई. त्यांच्या कलेवर उसळणाऱ्या पेठांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. कुस्तीने निदान एक चांगला पायंडा पाडला आहे. कुस्ती मैदानाच्या पत्रकावर पैलवानांच्या जोड्या आणि निवेदकाच्या नावाबरोबर हलगीवादकाचेही नाव छापलेले अनेकदा दिसते. फुटबॉल स्पर्धेच्या पत्रकावर संघ असतात, प्रायोजक असतात, बक्षिसांच्या रकमा असतात, प्रमुख पाहुण्यांचे फोटो असतात. पुढच्या हंगामापासून त्यावर हलगी, घुमके आणि कैताळ वाजवणाऱ्यांची नावे छापावीत आणि त्यांचे मानधन बक्षिसांच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहावे.